रायफलच्या दस्त्याचे तेल

एका रायफलला दोन प्रकारची तेले लागतात. नळी आणि खटक्याची यंत्रणा यांना लावायचे तेल खनिज तेल असते. ते वर्षभर पडून राहिले तरी पातळच राहिले पाहिजे. घट्ट झाले तर यंत्रणा अडकेल. लाकडी भागाला, म्हणजे दस्त्याला, लावायच्या तेलाचा गुण मात्र याच्या नेमका उलट असावा लागतो. ते काही दिवसांत घट्ट झालेच पाहिजे. चिकट राहिले तर धूळ धरील आणि हाताला लागेल. दोन्ही द्रव पिवळसर, दोन्ही बुळबुळीत आणि दोन्हींना आपण 'तेल'च म्हणतो. मग एक तेल घट्ट होते आणि दुसरे होत नाही, असे का?

शाळा-महाविद्यालयात एन.सी.सी. केलेल्या अनेक पिढ्यांनी .३०३ रायफल हाताळली आहे. ही मूळची ब्रिटिश लष्कराची ली-एनफील्ड. आपल्या देशात ती पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होत असे. तिचा दस्ता प्रामुख्याने अक्रोडाच्या लाकडाचा असे आणि त्यावर रोगण नव्हे, तर जवसाचे (अळशीचे) कच्चे तेल मुरवलेले असे. अमेरिकी लष्कराच्या एम-१ गॅरँड रायफलच्या दस्त्यांना जवसाचे तेल आणि चीनमधून आलेले टंग तेल अशी दोन्ही तेले वापरली गेली. रशियाच्या मोसिन-नागां रायफली दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्त करून साठवल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांच्या दस्त्यांना लाखेचा चकचकीत लेप दिला गेला. पुढे शिकारीच्या रायफलींवर कृत्रिम रोगणे आली. त्यामुळे जुना दस्ता हाती आला की पहिला प्रश्न पडतो तो हा, की याच्यावर नेमके काय आहे? या प्रश्नाचे उत्तर आणि तेल लावण्याची पद्धत, ही दोन्ही एकाच रासायनिक गोष्टीवरून कळतात. ती गोष्ट आधी पाहू.

सुकणे म्हणजे उडून जाणे नव्हे

ओला कपडा सुकतो तेव्हा पाणी उडून जाते आणि कपड्याचे वजन घटते. लाखेचे पॉलिश सुकते तेव्हा त्यातील स्पिरिट उडून जाते आणि लाख मागे राहते. जवसाचे तेल 'सुकते' तेव्हा मात्र त्याचे वजन वाढते! पातळ थराचे वजन साधारण दहा टक्के किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. कारण ते हवेतून ऑक्सिजन घेते.

स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी १८२० साली अक्रोडाच्या तेलाचा थर ऑक्सिजनच्या संपर्कात ठेवून एक प्रयोग केला. आठ महिने तेलाने जवळजवळ काहीच ऑक्सिजन घेतला नाही. नंतर मात्र अवघ्या दहा दिवसांत त्याने स्वतःच्या आकारमानाच्या साठपट ऑक्सिजन शोषला. पुढे वेग मंदावत गेला, आणि अखेर हा आकडा १४५ पटींवर पोहोचला. आधी दीर्घ शांतता आणि मग एकदम धावपळ, हे साखळी अभिक्रियेचे लक्षण आहे.

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांचे तीन लांब हात जोडलेले असतात. खोबरेल तेलात या हातांतील कार्बन अणू जवळजवळ सगळे एकेरी बंधांनी जोडलेले असतात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास हात लिनोलेनिक आम्लाचे असतात आणि त्या प्रत्येकात तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याच्यावरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो निघाला की तेथे मुक्त मूलक तयार होते आणि ते हवेतील ऑक्सिजनला पकडते. हा ऑक्सिजन शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो, म्हणजे तेथे नवे मूलक तयार होते. अशा प्रकारे तयार झालेली पेरॉक्साइडे फुटतात आणि आणखी मूलके निर्माण करतात. शेवटी एका रेणूचा हात दुसऱ्याच्या हाताला कायमचा जोडला जातो. प्रत्येक रेणूला तीन हात असल्यामुळे नुसती साखळी न होता जाळे विणले जाते. सारे तेल मिळून जणू एकच प्रचंड रेणू बनतो. यालाच आपण 'तेल सुकले' असे म्हणतो.

सुरुवातीची शांतता कशामुळे? तेलात निसर्गतःच ई जीवनसत्त्वासारखे ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ असतात. ते संपेपर्यंत साखळी जोर धरत नाही.

तेलात दुहेरी बंध किती आहेत, हे मोजण्यासाठी 'आयोडीन अंक' वापरतात. १०० ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन घेते, तितका त्याचा अंक. आपल्या ओळखीच्या काही तेलांचे अंक साधारण असे:

खोबरेल – सुमारे १०
शेंगदाणा – ८५ ते १००
तीळ – १०५ ते ११५
करडई (पारंपरिक वाण) – १४० च्या आसपास
जवस – १७० ते २००

अंक साधारण १३० च्या वर असेल तर तेल सुकते. १०० च्या खाली असेल तर ते कितीही दिवस ठेवले तरी सुकत नाही. मधली तेले अर्धवट सुकतात आणि चिकट राहतात. विदर्भात ज्या जवसाची चटणी होते, त्याच जवसाचे तेल चित्रकाराच्या रंगात, क्रिकेटच्या बॅटवर आणि रायफलच्या दस्त्यावर का चालते, आणि शेंगतेल का चालत नाही, हे या यादीवरून स्पष्ट होते. खनिज तेल तर या यादीत येतच नाही. यंत्रणेसाठी वापरायच्या शुद्ध केलेल्या खनिज तेलात असे दुहेरी बंध जवळजवळ नसतातच, म्हणून ते यंत्रणेला योग्य आणि दस्त्याला अयोग्य.

टंग तेलाचा अंक जवसापेक्षा जास्त नाही, तरी ते लवकर सुकते. त्यातील सुमारे ८० टक्के मेदाम्लात तीन दुहेरी बंध एकाआड एक, लागोपाठ येतात आणि ही मांडणी अधिक क्रियाशील असते. त्याचा थर पाण्यालाही जास्त दाद देत नाही. मात्र जाड लावले तर तो सुरकुततो.

बाजारात 'कच्चे' आणि 'डबल बॉइल' अशी जवसाची दोन तेले मिळतात. पूर्वी रंगारी तेलात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, घालून ते उकळत. आज 'बॉइल' तेल बहुधा उकळलेले नसते. त्यात कोबाल्ट, मँगेनीज अशा धातूंची संयुगे मिसळलेली असतात. ही संयुगे पेरॉक्साइडे फोडण्याचे काम झपाट्याने करतात. त्यामुळे कच्च्या तेलाला जेथे कित्येक दिवस लागतात, तेथे हे तेल एखाद्या दिवसात सुकते. या धातूंमुळे 'बॉइल' तेल खाण्यास पूर्णपणे अयोग्य असते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

दस्त्यावर काय आहे, हे कसे ओळखावे?

आता ओळखण्याची युक्ती सहज समजेल. जो लेप द्रावक उडून गेल्यामुळे सुकला, तो त्याच द्रावकात पुन्हा विरघळतो. जो लेप जाळे विणून सुकला, तो विरघळत नाही.

प्रथम नुसते पाहावे. तेलाच्या दस्त्यावर लाकडाची छिद्रे उघडी दिसतात, चमक मंद असते आणि बोटाला लाकूडच लागते. लाख किंवा रोगण असेल तर लाकूड काचेखाली ठेवल्यासारखे दिसते. कडांना टवके उडालेले असतात आणि चरा पडला असेल तर त्याची कड पांढुरकी दिसते.

पुढच्या कसोट्या नेहमी झाकल्या जाणाऱ्या जागी, उदाहरणार्थ दस्त्याच्या टोकाच्या धातूच्या पट्टीखाली कराव्यात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर टेकवावा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर ती लाख आहे. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा असेल तर त्याखाली लाख नारिंगी चमकते. स्पिरिटचा परिणाम झाला नाही तर लॅकर थिनरने तीच कसोटी करावी. लेप मऊ पडून विरघळू लागला तर तो नायट्रोसेल्युलोज लॅकर समजावा. थिनरनेही तो विरघळला नाही, तर तेल किंवा पॉलीयुरेथेनसारखे रोगण, हे दोनच पर्याय उरतात, कारण दोन्हींत जाळे असते. अशा वेळी सुईच्या टोकाने हलकेच खरवडावे. रोगणाचे पापुद्रे निघतात. तेलाच्या दस्त्यातून केवळ लाकडाची भुकटी येते. शिवाय जवसाच्या तेलाचा एक थेंब चोळला तर तेलाचा जुना, कोरडा दस्ता तो पिऊन टाकतो, आणि रोगणावर थेंब तसाच राहतो.

'टंग ऑइल फिनिश' अशा नावाने विकली जाणारी अनेक मिश्रणे प्रत्यक्षात पातळ केलेली रोगणे असतात. काहींत टंग तेल नसतेच. त्यांनी केलेले काम दोन्हींच्या मधले दिसते. तेव्हा डब्यावरील नावावर विसंबू नये.

ओळखण्यात चूक झाली तर नुकसान होते. लाखेवर तेल लावले तर ते आत जाऊ शकत नाही आणि वर चिकट साय धरते. उलट, तेलाचा दस्ता लाखेचा समजून तासला, तर ऐंशी-नव्वद वर्षांत आलेला रंग आणि कारखान्याचे शिक्के एका तासात नाहीसे होतात. वस्तू ऐतिहासिक असेल तर मूळ लेप हाही एक पुरावाच असतो. तो एकदा गेला की परत आणता येत नाही.

तेल कसे लावावे?

पहिला नियम असा, की जुना दस्ता पॉलिश पेपरने घासू नये. लाकूड आणि धातू जेथे मिळतात तेथे ते एका पातळीत बसवलेले असतात. घासल्यावर लाकूड खाली जाते आणि धातू वर राहतो. मळ काढण्यासाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी पुरते. शस्त्रागारात साठवताना लावलेले ग्रीस लाकडात मुरलेले असेल, तर दस्ता उबदार जागी ठेवून बाहेर येणारे ग्रीस पुन्हा पुन्हा टिपावे. ते न काढता वर जवसाचे तेल लावले, तर दोन्ही मिसळून तेल नीट सुकत नाही. कॉस्टिक सोडा मात्र टाळावा. तो जाळ्यातील एस्टर बंध तोडतो, म्हणजे जुन्या तेलाचा साबण करतो. त्यामुळे दस्ता स्वच्छ दिसतो खरा, पण सोडा लाकडालाही काळे आणि ठिसूळ करतो.

खोक पडलेल्या जागेवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवावी. तंतू दाबले गेले असतील, तुटले नसतील, तर वाफेने ते पुन्हा फुगून वर येतात. जेथे तंतू कापलेच गेले आहेत तेथे हा उपाय चालत नाही.

मग तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. पंधरा-वीस मिनिटे थांबून जेवढे तेल वर राहिले असेल तेवढे कोरड्या चिंधीने संपूर्ण पुसून घ्यावे. सगळे पुसून टाकायचे तर लावायचे कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. त्याचे उत्तर ऑक्सिजनमध्ये आहे. सुकण्यासाठी ऑक्सिजन थराच्या तळापर्यंत पोहोचावा लागतो. थर जाड असेल तर वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि तोच खालच्या तेलाची हवा तोडतो. असा दस्ता कित्येक महिने चिकट राहतो. कारागिरांत एक जुना दंडक आहे: आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा आणि पुढे वर्षातून एकदा. दंडक शब्दशः पाळायची गरज नाही, पण आधीचा हात पुरता सुकल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, हे त्यातले तत्त्व बरोबर आहे.

बाहेरून दिसणाऱ्या भागाइतकेच महत्त्व आतल्या भागांना द्यावे. लाकूड जेथे आडवे कापलेले असते, तेथे नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि पाणी तेथून कितीतरी पट वेगाने शिरते. धातूच्या पट्टीखालचे टोक आणि नळी बसण्याची खाच यांना तेल लावायचे राहून जाते, आणि तडे तेथूनच सुरू होतात.

लंडनच्या नामांकित बंदूक कारागिरांनी दस्त्याला तांबूस छटा आणण्यासाठी अल्कानेट नावाच्या वनस्पतीचे मूळ तेलात भिजत घालण्याची पद्धत वापरली. आपल्या मसाल्यातील रतनजोत याच कुळातील. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो.

तेल लाकडाचे रक्षण कितपत करते?

पुष्कळांची समजूत असते, की तेल पाजलेल्या लाकडाला दमटपणा शिवत नाही. तसे नाही. अमेरिकेत मॅडिसन येथील शासकीय वन-उत्पादन प्रयोगशाळेने निरनिराळ्या लेपांची चाचणी केली. जवसाच्या तेलाचे तीन हात हवेतील बाष्पाला पहिल्या दिवशी थोडेफार अडवतात, पण एक-दोन आठवड्यांत तो परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. वितळलेल्या मेणात बुडवलेले लाकूड मात्र तेवढ्या काळानंतरही बहुतेक बाष्प अडवते. तेलामुळे पावसाचे थेंब ओघळून जातात. हवेतील बाष्प आत शिरतच राहते.

आणि बाष्पाने फरक पडतो. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रेषांच्या दिशेने जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, पण आडव्या दिशेने ५ ते ८ टक्के. ली-एनफील्डच्या क्रमांक ४ नमुन्यात पुढच्या लाकडाने नळीच्या टोकाशी वरच्या दिशेने ठरावीक दाब द्यावा, अशी रचना आहे. लाकूड हलले की हा दाब बदलतो आणि नेमही बदलतो. इशापूरच्या रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू बसवलेला आढळतो, तो धक्क्याने लाकूड फाटू नये म्हणून.

मग लष्करांनी तेल का पसंत केले? रोगणाचा पापुद्रा एकदा फुटला की पाणी त्याखाली शिरते आणि तेथेच अडकते. दुरुस्तीसाठी सगळा लेप काढावा लागतो. तेलाला फुटण्याजोगा पापुद्राच नसतो. जेथे झिजले तेथे सैनिक चिंधीने थोडे तेल लावतो, नवे तेल जुन्याशी एकजीव होते आणि काम भागते. शिवाय ते चकाकत नाही. तेलाची ताकद अभेद्यतेत नाही. ते पुन्हा पुन्हा लावता येते, यात ती आहे.

चिंधीची आग

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑक्सिडीकरण म्हणजे मंद ज्वलन आणि ज्वलनात उष्णता बाहेर पडते. दस्त्यावरच्या पातळ थराची उष्णता हवेत निघून जाते. परंतु तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तंतूंवर तेलाचा पृष्ठभाग प्रचंड पसरलेला असतो, हवा आतपर्यंत खेळते आणि कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तापमान वाढते, त्यामुळे अभिक्रिया वेगावते आणि त्यामुळे तापमान आणखी वाढते. काही तासांत बोळा कोणीही काडी न लावता पेट घेऊ शकतो. 'बॉइल' तेलात हा धोका अधिक.

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत असेच झाले. लाकडी तावदानांना चकाकी देणाऱ्या कामगारांनी टाकलेल्या जवसतेलाच्या चिंध्यांतून २२ व्या मजल्यावर आग लागली. पाण्याचे स्वयंचलित फवारे असलेल्या ३० व्या मजल्यावर पोहोचल्यावर ती अडली. तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले.

म्हणून नियम साधा आहे. वापरलेली प्रत्येक चिंधी उघड्यावर, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावी; नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी. कचऱ्याच्या टोपलीत कधीही टाकू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

या प्रयोगांना रायफलची गरज नाही, आणि शस्त्र शाळेत आणण्याचा प्रश्नही येत नाही. जुनी बॅट, फळीचा तुकडा किंवा कुऱ्हाडीचा दांडा पुरेसा आहे.

एकसारख्या पाच काचपट्ट्यांवर खोबरेल, शेंगतेल, करडई, कच्चे जवस आणि 'बॉइल' जवस यांचे पातळ थर द्यावेत. रोज बोटाने एका कोपऱ्यात स्पर्श करून नोंद ठेवावी. मिलिग्रॅम मोजणारा तराजू असेल तर जवसाच्या दोन पट्ट्यांचे रोज वजन करावे. वजन कोणत्या दिवशी वाढू लागते, याचा आलेख काढला की सोस्यूरची 'शांतता' मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल. कच्च्या आणि 'बॉइल' तेलाच्या आलेखांत काय फरक पडतो, हेही पाहावे. काही दिवसांनी कच्च्या जवसाचे वजन किंचित घटू लागले तर गोंधळू नये. जाळे विणताना काही तुकडे सुटून हवेत जातात. तेलाचा विशिष्ट वास त्यांचाच असतो. प्रयोग संपल्यावर चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे आणि ते का करत आहोत, हे त्याच वेळी वर्गाला सांगावे.